शुभेस, उललेल्या गालांबद्दल

नाशिक,
रविवार, 11 जानेवारी

प्रिय शुभे,

परवा रात्री तुझ्या गालांचा फोटो आला आणि त्यामागोमाग आरशाखालच्या फळीचा. खरं सांगू, गालांपेक्षा फळी बघून मला धडकी भरली. अकरा बाटल्या मोजल्या मी! त्यातल्या तीन अर्ध्यावर सोडलेल्या, एकीचं तर झाकणही नाही. फोनवर सांगायला घेतलं की दुसऱ्याच वाक्याला "अगो पण ऐक ना" म्हणत तू मध्ये घुसतेस, म्हणून आज मुद्दाम कागद घेऊन बसलेय. आता शेवटपर्यंत वाचायचं.

आपण मालवणच्या पोरी. तिथली हवाच अंगाला तेल लावून जायची. पावडरीचा डबा सोडला तर चेहऱ्याला लावायचं म्हणून घरात काही होतं का? त्यामुळे घाट चढून आलं की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवलंच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात माझ्या नडगीवर नखाने नाव लिहिता यायचं. काळी लेगिंग उलटी केली की आत पिठी सांडल्यासारखं दिसायचं. निफाडला पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्या वाऱ्याचा उरलासुरला हिस्सा आमच्या गल्लीत येतो. त्यात सोसायटीला बोअरचं पाणी. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरी किनार धरते. हेच क्षार साबणाशी मिळून अंगावर चिकट थर धरतात. तुझ्याकडचं पाणी कसं आहे ते मला कळव, कारण तू क्रीमबद्दल चार पानं बोललीस आणि पाण्याबद्दल एक अक्षर नाही.

मग मी सगळ्यांचं ऐकलं. सासूबाईंनी बेसन-लिंबू सांगितलं, जावेने मुलतानी माती. माती वाळताना चेहरा ओढला जातो ना, तेव्हा मला वाटायचं, छान, काम करतेय! ती काम करतच होती, गालावर जे थोडंफार तेल उरलं होतं ते शोषून घेत होती. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला ती मानवतही असेल. माझ्या गालांना म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. लिंबाचं तर बोलूच नको. चिरलेल्या बोटाला लिंबू लागलं की आपण ओरडतो, आणि तेच उललेल्या गालावर चोळून पंधरा मिनिटं दात आवळून बसतो.

पण खरी चूक पुढची. शाळेतल्या एकीने एका ट्यूबचं नाव सांगितलं. औषधाच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलं नाही, पिशवीत घालून दिली. चार दिवसांत चेहरा असा गुळगुळीत झाला की स्टाफरूममध्ये सगळ्या विचारायला लागल्या. दोन महिने लावली मी, शुभे. रोज. मग सुट्टीत मालवणला गेले, ट्यूब इकडेच राहिली आणि तिसऱ्या दिवशी चेहरा टोमॅटोसारखा लाल. उन्हात गेलं की आग, चुलीपाशी गेलं की आग, साधं पाणी मारलं तरी चुणचुण. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ट्यूबवर बारीक अक्षरात स्टिरॉइडचं नाव होतं. अशी चौदा स्टिरॉइड मलमं सरकारने 2018 साली चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत टाकली, तरी ती हातोहात मिळतात. डॉक्टरने दिलेलं, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर ते औषधच आहे. मी मात्र ते स्नो लावावं तसं थापत होते. तुझ्या फळीवर डावीकडून चौथी जी पांढरी-लाल ट्यूब आहे, तिच्यावरचं नाव आजच्या आज मला पाठव. शेवट '-सोन' किंवा '-सोल' असा दिसला की शंका घ्यायची. पण बरेच दिवस लावत असलीस तर एकदम बंद करू नकोस, आधी डॉक्टरला दाखव. कसं सोडायचं ते तेच सांगतात.

इथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीला फोनवरच बजावलं होतं, घरात अंगाला लागतं ते सगळं पिशवीत घालून आणा. मी बाजाराची मोठी पिशवी भरून नेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक डबी डोळ्यांजवळ नेऊन मागचं वाचायला लागल्या. वाचून झालं की उजवीकडे. उटणं उजवीकडे, गुलाबाचा टोनर उजवीकडे, दाणेदार स्क्रब उजवीकडे, 'शुद्ध नैसर्गिक' लिहिलेलं लव्हेंडरचं तेल तर वास न घेताच उजवीकडे. शेवटी डावीकडे एकच डबी उरली, दिवाळीत ओठांसाठी आणलेली पेट्रोलियम जेलीची. उजवीकडच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे सहा आठवडे बंद." मी विचारलं, मग लावू काय? म्हणाल्या, "आधी लावायचं थांबवा, मग बघू."

मला रागच आला. पाचशे रुपये फी देऊन बाईंनी मला जेलीच्या डबीवर पाठवलं! पण निघताना त्यांनी जे समजावलं ते डोक्यात बसलं. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे एकावर एक रचलेल्या मेलेल्या पेशी आणि त्यांच्या मध्ये भरलेला स्निग्ध पदार्थ. त्यांनी विटा आणि सिमेंट म्हटलं, मला आपलं माडाखालचं जुनं घर दिसलं. चिऱ्याच्या भिंतीच्या दरजांतला चुना गळून गेला की पाऊस आत आणि भिंतीला ओल. इथे उलटं, आतलं पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचं सगळं आत शिरून झोंबतं. तो चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. तुझ्या फळीवरच्या निळ्या बाटलीवर जे 'सिरॅमाइड' ठसठशीत छापलंय ते हेच, आणि अकरांतली तेवढी एक मला बरी वाटली.

साबणाचंही तेव्हाच कळलं. आपली कातडी किंचित आंबट असते, तिचा पीएच (सातखाली आंबट, सातवर क्षारी) पाचच्या आसपास. नेहमीचा साबण नऊ-दहाचा. तो मळाबरोबर दरजांतला चुनाही नेतो, मग तो कितीही महाग असो. वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातला स्निग्धांश, 76 टक्के वाचून मी खूश व्हायचे. त्यातून साबण चांगल्या प्रतीचा आहे एवढं कळतं, पण क्षारी तो क्षारीच. आता मी साबणविरहित क्लीन्झिंग लोशन वापरते, तेही काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच. हातापायांना नुसतं पाणी. सकाळी तोंडालाही नुसतं पाणी. आई म्हणाली, "शी, पारोशी!" म्हणू दे. आणि कढत पाण्याचं तुझं वेड सोड. बाथरूममध्ये धुकं होईपर्यंत तू अंघोळ करतेस, मला माहीत आहे, हॉस्टेलात दार ठोठावून हात दुखायचे आमचे. कोमट पाणी, पाच-सात मिनिटं, बस. खाज सुटली की कढत पाण्याने सुख वाटतं खरं, पण ते तेवढ्यापुरतं.

आता लावायचं काय, ते. सहा आठवड्यांनी बाईंनी एक घट्ट, बिनवासाचं क्रीम दिलं. ग्लिसरीन, सिरॅमाइड आणि थोडं पेट्रोलॅटम, म्हणजे आपली जेलीच. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलॅटम वरून झाकण घालतं. नुसतं ग्लिसरीन चोपडायचं नाही हं, कोरड्या हवेत ते कातडीतलंच पाणी ओढतं. खरी मेख वेळेत होती. टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावायचं. मी आधी अंघोळ, मग पूजा, मग डबे, मग शाळेला निघताना क्रीम, असं करायचे. तोवर पाणी उडून गेलेलं, मग झाकण कशावर घालणार? क्रीम तेच, डबीही तीच, नुसती वेळ बदलली आणि आठवड्यात नडगीवरचं नाव पुसलं गेलं.

आणि हात आखडू नकोस. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं, आणि त्यात दोन तळव्यांएवढी जागा होते. म्हणून सगळ्या अंगाला पन्नास मिलीची नाजूक बाटली पुरतच नाही. मोठा, साधा, कमी दिखाऊ डबा घे.

दुकानात गेलीस की पुढची बाजू बघूच नकोस, तिथे नुसती फुलं आणि थेंब असतात. मागची यादी वाच. 'परफ्यूम', 'फ्रॅग्रन्स', 'पार्फम' यातलं काही दिसलं की ठेवून दे. 'अनसेंटेड'लाही भुलू नकोस. त्यात कधीकधी मूळचा वास दाबायला दुसरा वास घातलेला असतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री'च हवं. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' या शब्दामागे तर कोणतंच ठरलेलं माप नाही, कोणीही छापू शकतं. 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं' म्हणे! काय तपासलं आणि काय निघालं ते कुठे लिहितात? टाचांसाठी युरियाचं क्रीम चांगलं, दहा टक्क्यांचं. नाव ऐकून शेतातलं खत आठवेल, पण तो आपल्या कातडीतही असतो. फक्त चिरलेल्या भेगांवर लावशील तर नाचशील. आणि तुझ्या फळीवरची ती व्हिटॅमिन सी, रेटिनॉल आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडची रांग आहे ना, ती आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी आहे. गाल उलले असताना त्यांना सोलायचं कशाला?

नवीन काही आणलंस तर थेट गालावर नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ सात ते दहा दिवस लाव. तिथे लाल झालं नाही तर चेहरा. एका वेळी एकच, नाहीतर चोर कोण ते कळणार कसं? झोंबतंय म्हणजे 'लागू पडतंय' हे आपल्याला लहानपणी टिंक्चर आयोडीनने शिकवलं, ते विसर.

तू विचारलंस म्हणून भिरंडेलाचं सांगते. आईने मागच्या वर्षी कोकमाच्या बियांच्या तेलाचा गोळा पाठवला, आजी घालायची तसाच, पिवळट पांढरा, साबणाच्या वडीसारखा घट्ट. आठवतं, पावसाळ्यात चिखल्या झाल्या की आजी तो समईवर तापवून पायांना चोळायची आणि आपण "वास येतो" म्हणून पळायचो? मी तो भीतभीतच डॉक्टरीणबाईंना दाखवला. वाटलं, हाही उजवीकडे जाणार. त्यांनी नखाने खरवडून तळहातावर घासला, वितळलेला बघितला, हुंगला, आणि म्हणाल्या, "कोपरावर दहा दिवस लावून बघा. काही झालं नाही तर टाचांना खुशाल लावा." डावीकडे गेलेली दुसरी वस्तू! आता रात्री टाचांना भिरंडेल आणि वर सुती मोजे. एवढंच बघ, असे तेल-क्रीम मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, तेव्हा ते मोजे नि तो गाऊन घालून गॅसपाशी किंवा देवापुढच्या निरांजनापाशी जायचं नाही. आणि तेलकट पायांनी बाथरूममध्ये तर मुळीच नाही.

सगळं जमलं असं मात्र समजू नकोस. खडूची धूळ चालूच आहे. बाकावर हँडक्रीमची छोटी ट्यूब ठेवलीय आणि सातवी ब ला वाटतं ती बाईंची टूथपेस्ट आहे. जानेवारीत डोळ्यांखाली अजून एक पांढरा पट्टा उठतोच. मागच्या हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्या, "काय हो, काही लावत नाही का चेहऱ्याला?" हातातलं वाण त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

अजून एक. तुझ्या आईला थायरॉइड होता ना? तो मंदावला तरी कातडी अशी राठ होते. माझी तपासणी करवली होती, ठीक निघाली. तू थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घे, टाळू नकोस. आणि पापण्या सुजल्या, गालातून पाणी यायला लागलं, पिवळी खपली धरली किंवा खाजेने रात्रीची झोप उडाली तर माझं पत्र बाजूला ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा. तुमच्याकडे 'मेडिकल' म्हणतात त्या सरकारी हॉस्पिटलात त्वचेचा विभाग आहे, रांग असेल, पण जा.

मंगळवारी भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी खा, आणि अंगाला तीळ वाटून लावायची हौस आली तर हातापायांवर, गालांवर नको. पार्सलमध्ये तिळगूळ आहे, गूळपोळ्या आहेत आणि अर्धा गोळा भिरंडेल. उरलेला अर्धा देणार नाही, आईचा पुढचा गोळा मे महिन्यात येईल.

मला गालांचा फोटो नको. पंधरा दिवसांनी फळीचा पाठव.

तुझी,
वैजू

ता.क. भिरंडेल गूळपोळीच्याच डब्यात, पण वेगळ्या पिशवीत बांधलंय. भावजींना आधी सांगून ठेव, नाहीतर ते तूप समजून पोळीला लावतील.