राकू शिकवणाऱ्या ताईंस आभारपत्र

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

स्वतःची भट्टी नसलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला आपण राकू, म्हणजे लालबुंद तापलेले भांडे भट्टीतून थेट बाहेर काढण्याची मातीकामाची पद्धत, शिकवलीत, आपली भट्टी वापरू दिलीत आणि प्रत्येक भाजणीला शेजारी उभ्या राहिलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चाकावर भांडे उभे करणे मला येत होते, मात्र राकूसाठी मातीच वेगळी लागते हे आपल्याकडे आल्यावर समजले. झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, डब्यांकडे वळू न देता आपण प्रथम मातीत भाजलेल्या मातीची भरड मिसळून ती मळायला लावलीत. त्या भरडीमुळे भांड्याचे अंग मोकळे राहते, आणि म्हणूनच सुमारे 1000 अंश सेल्सिअसवरून एकदम उघड्या हवेत आलेले भांडे तो धक्का सोसू शकते.

सर्वांत मोठे ऋण आहे ते नजरेचे. तापमापक जवळ असूनही आपण मला झरोक्यातून झिलईच पाहायला सांगत होतात. ती आधी आक्रसते, मग तिच्यावर बुडबुडे येतात, हळूहळू ते बसतात आणि पृष्ठभाग ओला, सपाट दिसू लागतो. "बुडबुडे पुरते बसू देत, मगच चिमटा उचल," हे आपले शब्द आजही प्रत्येक भाजणीला कानांत असतात. लालबुंद भांडे बाहेर येताच झिलईला बारीक तडे जाताना होणारी किणकिण ऐकायची, काही क्षण थांबायचे आणि मग ते भुशाच्या पिंपात ठेवून झाकण घट्ट लावायचे, म्हणजे पेटलेल्या भुशाच्या धुराची काजळी तड्यांत शिरते. किती थांबायचे, हे कोणत्याही पुस्तकातून मला कळले नसते. लवकर झाकले तर तड्यांची जाळी विरळ उमटते. उशीर झाला तर काजळी तड्यांत नीट शिरत नाही आणि तांब्याच्या झिलईवरची ती तांबूस धातूची झळाळीही हाती लागत नाही.

हे शिकवताना आपण इतिहासही सांगितलात, याचे मला विशेष अप्रूप वाटते. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चोजिरोने चहागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी चाकाशिवाय, हातांनी घडवलेले वाडगे, आजही सुरू असलेली त्या घराण्याची परंपरा, आणि भाजल्यानंतर धुरात ठेवण्याची 1960च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर यांनी रुजवलेली पद्धत, या दोन्हींतला फरक आपण स्पष्ट केलात. माझ्या मते तो प्रत्येक राकू करणाऱ्याला माहीत असायलाच हवा, कारण आपण करतो ती धुराची पद्धत जपानी राकूपासून निघालेली असली तरी तीच ती नव्हे.

आणखी एका गोष्टीबद्दल कृतज्ञ आहे. आपल्या पद्धतीचे राकूचे भांडे सच्छिद्र असते, त्यात पाणी झिरपते, म्हणून ते जेवणासाठी वापरू नये, हे घेणाऱ्याला आधीच सांगण्याची शिस्त आपण लावलीत. मी ती आजही पाळते, आणि त्यामुळे भांडी घेणारी माणसे पुन्हा माझ्याकडे येतात.

आता माझी स्वतःची छोटी भट्टी उभी राहिली आहे. तिच्या पहिल्या भाजणीला आपण यावे आणि पहिले भांडे आपल्याच चिमट्याने बाहेर काढावे, अशी नम्र विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी