बीएचयूच्या (बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या) मराठी विभागातल्या मॅडमना, अगदी मनापासून थँक्यू

मॅडम, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण बनारसला कला संकायात (आर्ट्स फॅकल्टीत) जे शिकलेत त्यांना लगेच कळेल मी कुणाबद्दल बोलतेय.

मी दर्शन आणि धर्म विभागाची विद्यार्थिनी, तुमच्या विभागाशी कागदोपत्री काही संबंध नाही. डिसर्टेशनला, म्हणजे प्रबंधाला, एकनाथी भागवत (भागवताच्या अकराव्या स्कंधावरची संत एकनाथांची ओवीबद्ध टीका) घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या सरांनी एकच अट घातली, मूळ मराठीतून वाचायचं, आणि त्यासाठी सरळ तुमच्याकडे पाठवलं. मी पैठणकडची, नाथषष्ठीला लहानपणापासून जातेय, पण अठरा हजारांवर ओव्यांचा ग्रंथ तत्त्वज्ञान म्हणून कसा वाचायचा हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

तुम्ही अर्थ सांगितलाच नाही आधी. म्हणालात, मोठ्यानं वाच. तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड येतो, तिथे थांब, घाई करू नको. मी पुढे पळाले की पेन्सिल टेबलावर टक टक. मग अन्वय लावायचा, मग अकराव्या स्कंधातला संस्कृत श्लोक शेजारी ठेवायचा आणि नाथांनी स्वतःचं काय घातलंय त्याच्यावर खूण करायची, आणि शेवटी तेच सगळं हिंदीत सांगायचं कारण व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, हिंदीत होती. तेविसाव्या अध्यायातलं भिक्षुगीत तर आपण किती दिवस धरून बसलो होतो! अवंतीचा तो कंजूष ब्राह्मण, पैसा जातो, भिक्षू होतो, लोक त्याच्यावर थुंकतात, आणि तो म्हणतो माझ्या दुःखाला हे लोक कारण नाहीत, देव नाही, ग्रह नाहीत, माझं मन आहे. व्हायवात मला नेमकं त्याच्यावरच विचारलं आणि मी बोलतच राहिले.

हा ग्रंथ नाथांनी पूर्ण केला तो काशीतच, 1573 मध्ये. पैठणहून इथे येऊन मराठीत लिहिणं त्या काळी सोपं नव्हतं हे तुम्ही इतक्या जीव तोडून सांगायचात की मला वसतिगृहातलं एकटेपण हलकं वाटायला लागलं.

गावात लोक आईला विचारायचे, हिंदू विश्वविद्यालय म्हणजे पोरगी पूजापाठ शिकायला गेली का? आता त्यांना कसं सांगणार की त्याच कला संकायात अरबी, फारसी, उर्दू, पाली सगळे विभाग आहेत आणि मराठीही आहे. सयाजीराव गायकवाड ग्रंथालयात तुम्हीच मला घेऊन गेलात. तिथे कळलं की विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सुरुवात 1917 मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलानं दिलेल्या पुस्तकांनी झाली आणि 1941 ची ही भव्य इमारत बडोद्याच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली. गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे हेच ते तेलंग. मला खूप भरून आलं होतं तेव्हा, तुम्ही काही न बोलता बाजूला उभ्या राहिलात.

आणि गणपतीत ब्रह्माघाटाकडच्या त्या मराठी घरात नेलंत, तिथल्या आजींची मराठी ऐकून मला हसू आणि रडू एकदमच. पिढ्यान्‌पिढ्या बनारसमध्ये राहूनही मोदक आपल्यासारखेच. परत येताना व्हीटीवर, म्हणजे कॅम्पसमधल्या विश्वनाथ मंदिरापाशी, कोल्ड कॉफी, तुमच्याच पैशांनी, मला कधी पाकीट काढूच दिलं नाही.

हे सगळं तुमच्या ड्युटीत नव्हतं मॅडम. ना क्रेडिट, ना गाइड म्हणून कुठे नाव. उपकार हा शब्द तुम्हाला चालत नाही म्हणून नुसतं थँक्यू म्हणते, पण खूप खूप थँक्यू.

मी आता इकडे कॉलेजात शिकवते. माझ्या दोन विद्यार्थिनी यंदा सीयूईटी पीजी (एमएची प्रवेश परीक्षा) देतायत, दोघींनी पहिला चॉइस बनारस भरलाय. लागला नंबर तर तुमच्याकडे पाठवते, त्यांनाही आधी मोठ्यानं वाचायला लावा. एक जण फार भरभर वाचते, पेन्सिल लागेल.