वाघ दिसला नाही, हा यजमानांचा दोष नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताडोबाच्या वेशीवर स्वतःचे छोटे जंगल लॉज चालवणाऱ्या दाम्पत्यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखात आपुलकी आहे. मात्र शहरातली नोकरी सोडून जंगलात रमलेले जोडपे एवढ्या कौतुकावरच तो थांबतो आणि अशा माणसांचा व्यवसाय नेमका कशामुळे अडचणीत येतो याकडे वळत नाही, म्हणून हे पत्र.

याच पट्ट्यात असेच एक दाम्पत्य चालवत असलेल्या लॉजमध्ये आम्ही सहकुटुंब उतरत आलो आहोत. मोजक्या खोल्या, गावातलाच स्वयंपाकी आणि त्याच्या हातची झणझणीत पाटोडी. आवाराला भिंत नाही, कारण मागच्या नाल्यातून नीलगाई आणि रानडुकरे ये-जा करतात. पायवाटेवरचे दिवे गुडघ्याएवढ्या उंचीचे असून त्यांच्यावर पत्र्याच्या टोप्या आहेत. दिवेलागणीनंतर वहिनी (सगळे पाहुणे त्यांना वहिनीच म्हणतात) स्वतः फेरी मारून नाल्याच्या बाजूचे दिवे बंद करतात. जेवणाच्या टेबलावर एक जाडजूड नोंदवही असते. दिवसभरात काय पाहिले आणि ऐकले ते पाहुण्यांनी तीत लिहायचे असते, आणि त्या वहीत वाघांपेक्षा घुबडांच्या नोंदी जास्त आहेत. एका पाहुण्यांनी वाढदिवसासाठी स्पीकर लावू देण्याचा आग्रह धरला, तेव्हा दादांनी हात जोडून नकार दिला. त्या गृहस्थांनी इंटरनेटवर एकच तारा दिला, आणि कारण म्हणून खाली लिहिले की वाघ दिसला नाही.

मुंबईकर पर्यटकांनी येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात कोणत्या दाराने शिरायचे आणि किती गाड्या सोडायच्या हे प्रकल्पाचे प्रशासन ठरवते. परवाना आगाऊ काढावा लागतो, सोबत गाइड घ्यावा लागतो, मंगळवारी सफारी बंद असते आणि गाभ्यातली दारे पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर उघडत नाहीत. यातले काहीही लॉजमालकाच्या हातात नसते. तरीही आपल्याकडच्या काही सहल कंपन्या ‘हमखास व्याघ्रदर्शन’ असे छापून पैसे घेतात आणि ते दर्शन घडले नाही की राग खोली देणाऱ्यावर निघतो. या हमखासपणाची किंमत २०२४ च्या वर्षअखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसली: पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाडी चालवणारे हात स्थानिकांचे होते हे खरे, पण ‘अजून जवळ घ्या’ हा तगादा मागच्या बाकांवरून येत असतो, आणि त्या बाकांवर बसणाऱ्यांत आपण मुंबईकर कमी नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही काळ थांबवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली, गाभ्याच्या कमाल २० टक्के क्षेत्रातच पर्यटन असावे असे ठरले आणि बंदी उठली. आतल्या भागाला मर्यादा आली, हे योग्यच झाले. पण दाराबाहेर बांधकामे वाढत गेली. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत, गावची विहीर तळ गाठत असताना, पोहण्याचे तलाव भरलेले ठेवणारी रिसॉर्टे आणि वर सांगितलेले लॉज ही दोन्ही पर्यटकांच्या यादीत एकाच रकान्यात येतात. तुलना होते ती भाड्याची आणि तलाव आहे की नाही याची. भाड्यात स्पर्धा करायला गेले, तर घरगुती लॉज टिकणार नाही.

ते टिकावे, यामागे केवळ माझी आवड नाही. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे जंगलात गेलेल्या बायाबापड्यांवर चंद्रपूर जिल्ह्यात वाघाचे हल्ले होतात. जिला लॉजमध्ये बारमाही पगार मिळतो, तिला ती जोखीम पत्करण्याची गरज उरत नाही. आमच्या ओळखीच्या दाम्पत्याने पाहुणे जवळजवळ नसलेल्या पावसाळी महिन्यांतही कोणाचा पगार थांबवलेला नाही. त्यासाठी दादांनी मुंबईतले वडिलोपार्जित घर भाड्याने दिले आहे. असा हिशेब किती काळ जमणार?

राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि शेतकऱ्याच्या घरी राहण्याच्या सोयीला अधिकृत ओळख दिली. त्याच धर्तीवर पर्यटन आणि वन या दोन्ही विभागांनी मिळून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या कुटुंबचालित लॉजांचा वेगळा वर्ग करावा, अशी माझी सूचना आहे. मालकाने तेथेच राहावे, खोल्यांची संख्या मर्यादित असावी, कामावर प्रामुख्याने बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांतले लोक असावेत, प्राण्यांच्या वाटेवर भिंत अथवा तारेचे कुंपण नसावे आणि रात्री ध्वनिक्षेपक लागू नये, एवढ्या अटी पाळणाऱ्यांना वीजदरात व परवाना शुल्कात सवलत मिळावी. कागदावर कुटुंबाचे नाव लावून मागे बिल्डरने उभे राहण्याचा धोका आहेच. म्हणून पाहणी ग्रामसभेच्या प्रतिनिधीसह व्हावी, कारण मालक खरोखर तेथे राहतो की नाही हे गावाइतके कोणालाच माहीत नसते. ‘हमखास’ या शब्दाने सफारी विकणाऱ्या जाहिरातींना मात्र आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांनी जागा नाकारावी. त्यासाठी शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई