सारांशात वाढलेले पंचवीस पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करवीर तालुक्यातील एका प्राथमिक दूध संस्थेचा सचिव म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मी आजवर हातानेच लिहीत आलो. यंदा पुतण्याच्या आग्रहाखातर सभेचे अडीच तासांचे ध्वनिमुद्रण एका नव्या साधनाला देऊन पाहिले. ध्वनिफितीचा सारांश करून तो एआय एजंटच्या, म्हणजे सोपवलेले काम आपले आपण पार पाडणाऱ्या संगणक प्रणालीच्या, हवाली करायचा, एवढेच या साधनाचे काम. पुढचे इतिवृत्त, दरफरकाची (वर्षअखेरीस सभासदांना लिटरमागे मिळणाऱ्या वाढीव रकमेची) यादी वगैरे एजंटने आपले आपण उरकायचे. (एजंट म्हटले की आमच्या गावात अजून विम्याचा नाहीतर जमिनीचाच डोळ्यांसमोर येतो, हा त्यांच्याहून चपळ आणि पुष्कळच अबोल.) त्यातून जे घडले ते जिल्ह्यातील इतर संस्थांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

अशा साधनाची गरज का पडते, हे आधी सांगतो. बहुतेक एजंट मजकुरावर काम करतात आणि आवाज ही फार जागा खाणारी गोष्ट आहे. सेकंदाला आवाजाचे १६,००० नमुने या बेताच्या दर्जाने घेतलेले, आकार कमी न केलेले (अनकॉम्प्रेस्ड) एका तासाचे ध्वनिमुद्रणही सुमारे ११५ एमबी भरते. म्हणून आधी बोलण्याचे लेखन होते, मग त्या लेखनाचा सारांश होतो आणि एजंटच्या हाती पडतो तो केवळ सारांश. लेखनाच्या कामासाठी बरीच वापरली जाणारी ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुली केली. ती आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे करून वाचते. तिला शिकवण्यासाठी वापरलेल्या ६,८०,००० तासांच्या आवाजापैकी इंग्रजी सोडून उरलेल्या ९६ भाषांच्या वाट्याला मिळून सुमारे १,१७,००० तास आले. शिवाय आवाज नसलेल्या जागी कोणीच न बोललेली वाक्ये लिहून टाकण्याचा दोषही अशा प्रणालींत आढळला आहे. आमच्या साधनाचे नाव मी घेत नाही, कारण माझी तक्रार पद्धतीविषयी आहे.

सभेच्या दिवशी पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मोबाईल टेबलावर चहाच्या थर्मासला टेकवून ठेवला होता. अध्यक्षांनी दरफरक लिटरला पावणेतीन रुपये जाहीर केला. सारांशात तो तीन रुपये झाला आणि एजंटने तीन रुपयांप्रमाणे सर्व सभासदांची यादी केली, तीही अशी की बेरजेत एका पैशाची चूक नाही. वर्षाच्या २,४०,००० लिटर दुधावर हे वाढलेले पंचवीस पैसे ६०,००० रुपये होतात. मी स्वतः सभेत बसलो होतो म्हणून ध्यानात आले. नुसती यादी पाहणाऱ्याला संशय यावा असे तिच्यात काहीच नव्हते.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचली. नव्या मिल्कोटेस्टरच्या (दुधाचे फॅट मोजणाऱ्या यंत्राच्या) खर्चाचा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतून एक वयस्कर सभासद उसळून म्हणाले, “द्या की मग! समदंच द्या, आमास्नी कशाला इचारताय?” सारांशात ओळ आली : ‘सभासदांनी खर्चास सहमती दर्शवली.’ कोल्हापुरी माणसाचे ‘द्या की’ ज्याने जन्मात एकदा तरी ऐकले आहे, तो याला सहमती म्हणणार नाही. या वाक्याचे लेखन मात्र अक्षरशः बरोबर होते. अर्थ उलटला तो सारांश करताना, आणि एजंटपर्यंत मूळ वाक्य पोचलेच नाही.

माणसासाठी केलेला सारांश आणि यंत्रासाठी केलेला सारांश यांत मला येथे मोठा फरक दिसतो. माणूस सारांश वाचताना अडखळतो, शेजारच्याला विचारतो, फार तर ध्वनिफीत पुन्हा लावतो. एजंट मात्र मिळालेल्या ओळीला प्रमाण मानून थेट कामाला लागतो. त्यातून मराठीची आकडेमोड पाहा : सव्वा, दीड, पावणे, अडीच, आणि वर एकोणतीस, एकोणचाळीस यांसारखे जोडआकडे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. उद्या नदीकाठच्या गावांतून येणारे आवाजी संदेश ऐकून इशारे देण्याचे काम एखाद्या एजंटकडे सोपवले आणि सारांशात एकोणचाळीसचे एकोणतीस झाले, तर तो एजंट नियमाप्रमाणे गप्प बसेल.

म्हणून ही साधने बनवणाऱ्यांकडे, आणि त्याहून अधिक ती विकत घेणाऱ्या संस्थांकडे, माझे मागणे असे आहे की सारांशाच्या प्रत्येक ओळीसोबत ती ध्वनिफितीत कोठे आहे ती वेळ असावी, रकमा आणि होकार-नकार मूळ शब्दांतच एजंटकडे जावेत आणि जेथे नीट ऐकू आले नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. हे अवघड नाही. लेखन करणाऱ्या प्रणाली प्रत्येक तुकड्याची वेळ देतातच. सारांशाच्या पायरीवर ती गाळली जाते. पैशाची यादी निघण्यापूर्वी तेवढे दहा सेकंद कोणीतरी कानाने ऐकावेत, यात वेळ तो किती जाणार?

साधन निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. अडीच तासांत कोण कधी बोलले हे शोधायला त्याने केलेले लेखन मला फार उपयोगी पडले. यंदाचे इतिवृत्त ते लेखन समोर ठेवूनच मी लिहिले, पण हाताने, आणि पावणेतीनच्या आकड्यापुढे अध्यक्षांची सही घेऊन. त्या वयस्कर सभासदांचे वाक्यही जसेच्या तसे घातले आहे.

आपला विश्वासू,
एका प्राथमिक दूध संस्थेचा सचिव,
करवीर तालुका, कोल्हापूर