लुगड्यांचा हिशेब दाखवणाऱ्या काकांचे आभार

पेशवाईतल्या कुणबिणींवर, म्हणजे गुलाम बायकांवर, मी काम करतेय. गेल्या महिन्यात रजा काढून एका दफ्तरखान्यात दोन दिवस बसले. सूचीत सनदा, इनामं, मोहिमा, सगळं, बायका नाहीतच. त्यात माझं मोडी अडखळत. दुसऱ्या दिवशी दुपारी रडकुंडीला येऊन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, बांधायला घेतला.

रुमाल आणून देणारे काका तेवढ्यात म्हणाले, "ताई, सूचीत नाही सापडायच्या त्या. कोठीचा खर्च बघा. लुगडी कोणाला दिली, शिधा कोणाला दिला, तिथं असतील." आणि स्वतःच जाऊन दोन रुमाल काढून आणले. जेवणाची सुट्टी सोडून शेजारी बसले. कागदाला न टेकवता पेन्सिलीचं बोथट टोक वरून फिरवत एकेक ओळ वाचून दाखवली. दळणकांडण करणाऱ्या बायका, त्यांची नावं, पुढे लुगडं. एका नावाशी थांबले, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "हिला लिहून घ्या."

डबा तसाच राहिला त्यांचा. नाव विचारलं तर हसून "रुमाल नीट बांधा" एवढंच. काका, मनापासून आभार. गाठ तुम्ही दाखवलीत तशीच मारली होती.