गणित खेळात मुरलेले हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन वर्गांत व्हिडिओ गेममधून गणित शिकवण्याची भलामण करणारा कालच्या पुरवणीतील लेख वाचला. अशा खेळांमुळे मुलांची गणिताची भीती जाते, असे लेखिका म्हणतात. भीती जात असेलही, पण तिच्या जागी गणित येते का, याची चौकशी त्यांनी करायला हवी होती.

माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या ऑनलाइन शिकवणीत अपूर्णांकांची बेरीज खेळातूनच शिकवतात. पडद्यावर १/२ + १/३ येते, खाली चार पर्याय आणि वर सेकंद मोजणारे घड्याळ. ती वही उघडत नाही, छेद समान करत नाही. २/५ दाबते, लाल फुली आली की दुसरा पर्याय, मग तिसरा, आणि ५/६ वर बोट पडले की टाळ्या वाजून नाणी जमा होतात. २/५ तर अर्ध्याहूनही कमी, मग अर्ध्यात भर घातल्यावर ते येईल कसे, हे विचारणारे तिथे कोणी नाही. आठवड्याच्या अहवालात मात्र ‘अपूर्णांक : उत्तम’ असा शेरा येतो. शिकवणीकडे विचारणा केली, तर मुलगी रोज आवडीने बसते ना, एवढेच उत्तर मिळाले.

माझा खेळांना विरोध नाही. २०१२ मध्ये नॉर्वेतून आलेल्या ड्रॅगनबॉक्स या खेळात पडद्याच्या एका बाजूला चित्राचे नवे पान (कार्ड) टाकले की तेच दुसऱ्या बाजूलाही टाकावे लागते. चित्रांच्या जागी हळूहळू अंक आणि अक्षरे येतात आणि मूल समीकरण सोडवू लागते. तिथे खेळाचा नियम हाच बीजगणिताचा नियम आहे, अर्थात तेच वहीत मांडायला शिकवण्यासाठी शिक्षक लागतोच. उलट प्रॉडिजी या गणिताच्या ऑनलाइन खेळात उत्तर बरोबर आले की राक्षसावर वार करता येतो, गणिताचा लढाईशी तेवढाच संबंध. हा खेळ मुलांना सशुल्क सदस्यत्वासाठी भरीस घालतो, अशी तक्रार ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२१ मध्ये झाली होती. यातले काहीही लेखात नाही.

त्याच पानावर अशाच एका अभ्यासक्रमाची मोठी जाहिरात होती, तीही लेखाला खेटून आणि जवळपास त्याच मांडणीत. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे पालकांना चटकन कळेल अशी व्यवस्था आपण कृपया करावी.

आपली,
एक पालक, सातारा