मोटारीचे गिअर आणि परवान्याची अपुरी चाचणी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मोटार चालवताना गिअर जोरात, हिसक्याने आणि क्लच पुरता न दाबता टाकण्याची सवय आपल्याकडे इतकी पसरली आहे की, त्यात काही चुकते असे सांगितले तर अनेकांना नवल वाटते. त्यातून होणाऱ्या झिजेचा खर्च गाडीमालक मुकाट्याने सोसतो. घाटरस्त्यावर मात्र त्याच सवयीचा धोका मागच्या-पुढच्या गाड्यांनाही असतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही माजी विद्यार्थ्यांच्या गॅरेजमध्ये माझे जाणे-येणे असते. तेथे खोललेल्या गिअरबॉक्समध्ये जे दिसते त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, या नुकसानीचे मूळ चालकाच्या स्वभावात थोडे आणि त्याला गाडी शिकवण्याच्या व परवाना देण्याच्या पद्धतीत फार मोठे आहे.

आधी आत काय घडते ते सांगणे आवश्यक आहे. चालू गाडीत गिअर बदलताना, जोडायचा गिअर आणि त्याला शाफ्टशी बांधणारी स्लीव्ह या दोघांची फिरण्याची गती वेगवेगळी असते. ती गती जुळवण्याचे काम सिंक्रोनायझरची रिंग करते. चालत्या एसटीत चढणारा माणूस जसा आधी गाडीबरोबर चार पावले धावतो, तसेच हे आहे. पितळेसारख्या मिश्रधातूची ही रिंग गिअरच्या निमुळत्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या भागावर, दाबली जाते, घर्षणाने दोन्हींची गती एक होते आणि तोपर्यंत रिंगचे तिरके दात स्लीव्हला पुढे सरकू देत नाहीत. दांड्याला हाताशी जो क्षणभर अडसर जाणवतो तो हाच. हा क्षण सेकंदाच्या लहानशा भागाचा असतो. सकाळी गिअर ऑइल थंड आणि घट्ट असताना तो किंचित लांबतो. ज्याला हे ठाऊक आहे तो त्या अडसरापाशी हलका दाब देऊन थांबतो आणि गिअर आपोआप आत जातो. ज्याला ठाऊक नाही तो मनगटाचा जोर लावून दांडा ढकलतो. मग गती जुळण्याआधीच स्लीव्ह गिअरच्या टोकदार दातांवर आदळते आणि खर्रकन आवाज येतो. तो आवाज म्हणजे पोलादाचे दात एकमेकांना खात असल्याचा पुरावा आहे.

अलीकडेच एका छोट्या पेट्रोल मोटारीचा गिअरबॉक्स माझ्यासमोर खोलला गेला. ड्रेन प्लग काढून ऑइल ट्रेमध्ये सोडले तेव्हा बॅटरीच्या उजेडात त्यात सोनेरी चकाकी तरंगताना दिसली. प्लगच्या चुंबकावर जमलेला काळा लगदा पोलादाचा होता, पण ही चकाकी चुंबकाला चिकटणारी नव्हती, कारण ती रिंगमधून झिजून आलेल्या मिश्रधातूची होती. दुसऱ्या गिअरची रिंग कोनावर बसवून मध्ये फिलर गेज, म्हणजे फट मोजण्याची पातळ पाती, घातले, तर जेथे स्पष्ट फट असायला हवी तेथे सर्वांत पातळ पातेही जेमतेम शिरत होते. रिंग इतकी झिजली की ती कोनावर खोल बसते, पकड घेत नाही आणि गती जुळतच नाही. शेजारच्या टोकदार दातांची टोके गोल झाली होती. अशा दातांवर स्लीव्ह टिकत नाही आणि ऐन चढणीवर गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो. मालकाची तक्रार नेमकी हीच होती. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरची रिंगच आधी गेलेली असते. शहरातल्या रहदारीत सर्वाधिक वेळा टाकला जाणारा हा गिअर असून पहिल्या-दुसऱ्यातील गतीचा फरकही मोठा असतो. म्हणूनच अनेक कंपन्या खालच्या गिअरना दुहेरी किंवा तिहेरी कोनाचे सिंक्रोनायझर देतात. तरीही जोरापुढे ते किती टिकणार?

वरचा गिअर टाकताना केलेल्या घाईपेक्षा खालचा गिअर टाकताना केलेली घाई अधिक महागात पडते, आणि याची जाण फारच थोड्यांना आहे. एखाद्या गाडीत तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर (गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) 1.3, दुसऱ्याचे 1.9 आणि पहिल्याचे 3.5 आहे असे धरू. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना त्याच वेगात दुसरा टाकला, तर इंजिनाला सुमारे 4400 फेरे घ्यावे लागतील. चुकून पहिला टाकला तर 8000 च्या वर. एवढी गती सामान्य मोटारीच्या इंजिनाच्या मर्यादेपलीकडची आहे. क्लच सोडलाच नाही तर काही बिघडत नाही, हा समजही चुकीचा आहे. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेली असल्यामुळे पेडल दाबलेले असतानाही ती त्या 8000 फेऱ्यांनीच फिरते आणि तिचे अस्तर उडू शकते. अशा वेळी सिंक्रोनायझर गिअरला आत येऊ देत नाही. चालकाला वाटते की गिअर अडकला आहे, आणि तो आणखी जोर लावतो. प्रत्यक्षात तो अडसर त्याच्या इंजिनाचे रक्षण करत असतो. खालचा गिअर टाकताना आधी ब्रेकने वेग कमी करावा, आणि क्लच सोडण्यापूर्वी ॲक्सिलरेटर हलकेच दाबून इंजिनाचे फेरे वर आणावेत. जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नसायचा, तेव्हा चालक डबल क्लच करून, म्हणजे मध्येच न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस देऊन आणि क्लच पुन्हा दाबून, हेच साधत. त्या पिढीतील चालकांच्या हाती गिअरबॉक्स वर्षानुवर्षे टिकलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

क्लचची कथा वेगळी नाही. सिग्नल सुटताच रेस देऊन क्लच झटक्यात सोडला की तो धक्का प्लेटच्या स्प्रिंगा, दोन्ही चाकांत ताकद वाटणारे डिफरन्शियल, चाकांना ताकद पोहोचवणारे सांधे आणि इंजिनाच्या माउंटिंगपर्यंत जातो. काही डिझेल मोटारींत इंजिनाला जोडलेले जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, दोन भागांचे असते. ते अशा धक्क्यांनी गेले तर दुरुस्तीचा खर्च साध्या क्लचच्या कितीतरी पट होतो. याउलट चढावर ब्रेकऐवजी अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरणारा चालक प्लेट जाळत असतो. पावसाळा सरताना कासची फुले पाहायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग यवतेश्वरच्या घाटात लागते, तेव्हा जळक्या क्लचचा तो उग्र वास साताऱ्यात कोणालाही ओळखता येतो. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू असल्यामुळे तिची सामान्य झीज वॉरंटीत धरली जात नाही, आणि नवी गाडी वर्षाच्या आत क्लचसाठी आणणारा ग्राहक चकित होऊन बिलाकडे पाहत राहतो. गाडी चालवताना डावा हात सतत दांड्यावर ठेवण्याची सवयही निरुपद्रवी नाही, कारण तेवढ्या भारानेही स्लीव्ह सरकवणारा आतील फोर्क फिरत्या स्लीव्हवर घासत राहतो.

हे सारे समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे वाढले आहे असे काही जण म्हणतात. झटपट गिअर टाकण्याच्या फिती तरुण पाहतात हे खरे आहे, आणि शर्यतीच्या गाड्यांचे गिअरबॉक्स वेगळ्या बांधणीचे असून ते वारंवार खोलून तपासले जातात, हे त्या फिती सांगत नाहीत. पण माझ्यासमोर आलेल्या गाड्यांचे मालक बहुतांशी नोकरदार, व्यापारी आणि शिक्षक असतात. त्यांना कोणाशी शर्यत लावायची नसते. त्यांना हे कोणी शिकवलेलेच नसते.

येथे मी मुख्य मुद्द्याकडे येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 15 परवान्याच्या चाचणीबाबत अतिशय स्पष्ट आहे. उमेदवाराला सर्वांत वरच्या गिअरपर्यंत सर्व गिअर टाकत गाडी सुरक्षितपणे व सुरळीतपणे पुढे नेता आली पाहिजे, रहदारीनुसार वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये येता आले पाहिजे, उतारावर खालचा गिअर टाकता आला पाहिजे आणि तीव्र चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा निघता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. हा नियम करणाऱ्यांना गिअरचे महत्त्व पुरेपूर कळले होते. आता प्रत्यक्ष चाचणी पाहावी. सपाट मैदानात आखलेल्या मार्गावर गाडी पहिल्या, फार तर दुसऱ्या गिअरमध्ये फिरवून आणली आणि मागे घेऊन दाखवली की उमेदवार उत्तीर्ण होतो, हे परवाना काढलेल्या बहुतेक वाचकांनी स्वतः अनुभवले असेल. चौथा-पाचवा गिअर आणि उतार यांचा तेथे प्रश्नच येत नाही. ज्याने खालचा गिअर टाकून दाखवलेला नाही त्याला आपण खंबाटकी, पसरणी आणि आंबेनळी घाटांत गाडी नेण्याचा अधिकार देतो.

प्रशिक्षण वर्गांची स्थिती यापेक्षा बरी नाही. नियमांप्रमाणे हलक्या वाहनाच्या शिकाऊ चालकाला किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष 10 तास गाडी चालवायला मिळाली पाहिजे. व्यवहारात रोजच्या अर्ध्या तासाच्या फेरीत दोन-तीन शिकाऊ बसतात, प्रशिक्षकाच्या पायाशी दुहेरी पेडल असते आणि अवघड जागी क्लच तोच दाबतो. शिकणाऱ्याच्या पायाला क्लच नेमका कोठे पकडतो हे कळतच नाही. त्यातच वर्गाच्या गाडीचे सिंक्रोनायझर आधीच झिजलेले असतात, त्यामुळे गिअर जोर लावूनच पडतो हा धडा पहिल्याच दिवशी गिरवला जातो. मी प्रशिक्षकांना सरसकट दोष देत नाही. कमी शुल्कात अधिक माणसे शिकवण्याची त्यांच्यावर सक्ती असते, आणि चाचणीत जे विचारले जाते तेवढेच कोणीही शिकवणार. जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी 29 तासांचा अभ्यासक्रम आणि सिम्युलेटर यांची तरतूद झाली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे; परंतु तालुक्याच्या गावी शिकणाऱ्याच्या वाट्याला आजही गल्लीतला वर्गच येतो.

या अज्ञानाचे टोक उतारावर दिसते. गिअर बदलण्याची भीती किंवा कंटाळा असलेला चालक उतारावर थेट न्यूट्रल करतो. इंधन वाचते हा त्यामागचा समज आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लागू नाही, कारण गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंजिनाला होणारा इंधनपुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन लागतेच, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड वाहनांचे जे भीषण अपघात वारंवार झाले, त्यांच्या चर्चेत न्यूट्रलचा उल्लेख अनेकदा आला आहे. मोटारीचा चालकही तीच चूक पसरणी घाटात करत असतो.

आता गाड्या ऑटोमॅटिक होत आहेत, विजेच्या येत आहेत, मग गिअरची चिंता कशाला, असा प्रश्न मला विचारला जातो. आजही देशातील रस्त्यांवरच्या बहुसंख्य मोटारी हाताने गिअर बदलण्याच्याच आहेत आणि त्या पुढची अनेक वर्षे धावणार आहेत. शिवाय 2014 पासून आपल्याकडे लोकप्रिय झालेल्या एएमटी गाड्यांमध्ये क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स तेच जुने असतात, फक्त पेडल दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्रणा करते. अशी गाडी चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली तर तिचाही क्लच तितकाच जळतो.

परिवहन विभागाला माझी विनंती आहे की नवा कायदा करण्यापूर्वी नियम 15 मध्ये लिहिलेले आहे तेवढे तरी चाचणीत घ्यावे. प्रत्येक चाचणी मैदानावर मातीचा का होईना एक चढ-उतार बांधावा, आणि चाचणीचा काही भाग मोकळ्या रस्त्यावर घेऊन वरच्या गिअरपर्यंत जाणे व खाली येणे पाहावे. दुसरी सूचना माझ्या पूर्वीच्या खात्याशी संबंधित आहे. जेथे मोटार मेकॅनिक हा व्यवसाय शिकवला जातो त्या शासकीय आयटीआयमध्ये छेद दिलेला गिअरबॉक्स आणि क्लचचा संच शिकवण्यासाठी ठेवलेला असतो. शनिवारी एक तास तो परिसरातील प्रशिक्षण वर्गांच्या शिकाऊ चालकांना दाखवण्याची सोय झाली, तर शासनाला जवळजवळ काहीच खर्च येणार नाही. रिंग, कोन आणि स्लीव्ह हाताने फिरवून पाहिलेला माणूस दांड्यावर जोर लावण्याआधी थांबतो, हे मी वर्गात कित्येक वेळा पाहिले आहे. सातारा जिल्ह्यात अशी सुरुवात होणार असेल, तर पहिले काही महिने हा तास विनामूल्य घेण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा